गणपतभाऊंची सीडी

दुकानात शिरणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या मागे बघायचा. मागे भिंत होती. तरी तो विचारायचा, "साहेब कधी येतील?" मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता सांगायचे, "साहेब अजून जन्माला यायचेत. मशीन टेबलावर ठेवा." काहीजण ठेवायचे. काहीजण "मग संध्याकाळी येतो" म्हणून जायचे आणि खरोखरच संध्याकाळी येऊन पुन्हा त्या भिंतीकडे बघायचे. महाडच्या बाजारपेठेत मी बरीच वर्षं असे घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त केले. आता गुडघे बोलायला लागलेत, शटर कायमचं खाली ओढलंय, त्यामुळे दिवाळी अंकाला चार पानं लिहायला हात मोकळा आहे. तोंड आधीपासूनच मोकळं होतं, असं आमच्या घरी म्हणतात.

या धंद्यात पहिली गोष्ट कळते ती ही, की बिघडलेल्या मशीनबद्दल कुणीही खरं बोलत नाही. "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." दासगावचे एक गुरुजी असेच आले. सावित्री नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरून गेलं होतं. मशीन उघडलं तर आत चिखलाचा कणही नाही, सगळं लख्ख. दहा वेळा विचारल्यावर म्हणाले, "जरा पाइप मारला अंगणात. चिखल बरा दिसत नव्हता." वर दोरीवर वाळतही घातला होता म्हणे, पत्र्याचा डबा, भोकात तार ओवून. चीड आली होती, पण हसू आवरेना. आणि सांगायची लाज वाटते, पण ते मशीन चालू झालं.

बिरवाडीला एका खोलीत कारखान्यातली चार मुलं भाड्याने राहायची, चौघांत मिळून एक कॉम्प्युटर. सीडीचा ड्राइव्ह अडकला म्हणून घेऊन आले. आत दोन सीड्या, एकीवर एक. पहिल्या पाळीच्या मुलाने आपली काढली नव्हती आणि दुसऱ्या पाळीचा अंधारात वर आपली ठेवून मोकळा झाला होता. दोघांची गाठच पडत नसल्यामुळे भांडणही झालेलं नव्हतं. ते माझ्या दुकानात झालं.

हल्लीच्या मशीनला सीडीचा ड्राइव्ह नसतोच, म्हणून थोडं सांगते. तो एक चपटा डबा. बटण दाबलं की त्याचा ट्रे जिभेसारखा बाहेर येतो, त्यावर सीडी ठेवायची, ट्रे आत जातो. आत गेला की एक गोल चकती सीडीला मधोमध वरून दाबून धरते, खालची मोटर तिला गरगर फिरवते आणि डाळीएवढी काचेची लेन्स खालून प्रकाश टाकून तिच्यावरचं वाचते. सीडीवरचं लिखाण मधल्या भोकाजवळ सुरू होऊन कडेकडे जातं. त्यामुळे कडेला चरा पडला तर पुष्कळदा निभावतं. मधे काही झालं की कठीण. एवढं कळलं तरी पुढचं समजायला पुरे.

घराघरातून सीडी गेली, पण दवाखान्यांनी ती सोडलेली नाही. मणक्याचा, मेंदूचा फोटो काढला की अजूनही पुष्कळ ठिकाणी पाकिटात घालून सीडीच हातात देतात. ती लावायची कुठे हे कुणी सांगत नाही. दुकानाच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे यायच्या त्या बहुतेक अशाच सीड्या. मी त्यातल्या फाइली काढून ज्याच्या त्याच्या डॉक्टरला पाठवून द्यायचे.

गणपतभाऊंची सीडी तशीच यायची होती. पोलादपूरच्या पुढे डोंगराच्या पोटात त्यांची वाडी. भाताची चांगली खाचरं, दोन म्हशी, स्वतःचं घर. त्यांची मुलगी मनीषा कॉम्प्युटरचा कोर्स करायची तेव्हा त्यांनी माझ्याकडून मशीन नेलं होतं. पुढे ती नोकरीला मुंबईला गेली, मशीन घरीच राहिलं. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी भाऊंच्या छातीत कळ आली. मुंबईला नेऊन अँजिओग्राफी केली, म्हणजे हृदयाच्या नसांत औषध सोडून रक्त कुठे अडतंय त्याची छोटी छोटी चलचित्रं काढली. तीन नसा तुंबलेल्या. ऑपरेशन लवकर करा, महिनाभरसुद्धा थांबण्यासारखं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि सीडी देऊन घरी पाठवलं.

मनीषाने धडपड करून एक मोठे सर्जन गाठले. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनची एक जागा अचानक मोकळी झाली होती. नंतर ते परदेशी जाणार होते, महिन्याभराने येणार. दुपारी ओपीडी संपायच्या आत चलचित्रं बघून ते ठरवणार, केस घ्यायची की नाही. ती सकाळपासून त्यांच्या दाराशी बसून राहणार, शेजारच्या जीपवाल्याने सकाळी सीडी माझ्या दुकानात आणून द्यायची आणि मी ती पाठवायची, असं आदल्या दिवशी ठरलं. मी लवकर दुकान उघडून वाट बघत होते.

जीप आली नाही. मनीषाचा फोन आला.

"मावशी, बाबांनी सीडी घरच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. ती बाहेरच येत नाही."

"कुणी सांगितलं होतं घालायला?"

"म्हणतात, बघावं तरी माझ्या छातीत काय काढलंय. मावशी, दुसरी कॉपी मागितली मी. अर्ज द्या म्हणाले, दोन दिवस लागतील."

"आईला सांग, मशीन बंद कर आणि कुणी हात लावू नका. सुरी नको, उलथनं नको. मी निघते."

लॅपटॉप, माझा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणि हत्यारांची पिशवी घेतली आणि स्कूटर काढली. हायवेने पोलादपूर, तिथून आत वळणावळणाचा रस्ता. वाटेत दोन्ही बाजूंना भात पिवळं होऊन वाकलं होतं, काही खाचरांत कापणी सुरू झाली होती. एरवी मी थांबून बघितलं असतं. त्या दिवशी मनात एकच चाललं होतं, की त्या ड्राइव्हला मी गेल्या कित्येक वर्षांत हात लावलेला नाही.

भाऊ पडवीत खाटेवर उशांना टेकून बसले होते. एरवी आडदांड माणूस, पण चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्यांची बायको इंदूवहिनी दारातच उभी होती.

"आलात गो ताई. ह्यांनी बघा काय करून ठेवलान."

"निघंल," भाऊ म्हणाले. "नाय निघाली तर काय जीव द्यायचाय?"

वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

माजघरात टेबलावर मशीन होतं. दसरा होऊन तीन-चार दिवस झाले होते, त्यामुळे मॉनिटरवर झेंडूची वाळकी माळ आणि डब्यावर कुंकवाची पाच बोटं होती. हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे दसऱ्याला विळ्या-कोयत्यापासून पंपापर्यंत सगळ्याची पूजा होते, कॉम्प्युटरचीही होते. मी माळ बाजूला केली आणि मशीन चालू केलं. ड्राइव्हमधून घर्रर्र असा आवाज आला, मग टक, टक, टक. सीडी फिरू पाहत होती आणि कुठेतरी आपटत होती. मी लगेच बंद केलं. अशा आवाजात एकेक फेरा म्हणजे एकेक चरा.

ट्रेच्या खाली टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. वीज नसताना ट्रे काढायची ती वाट. मी कागदाची पिन सरळ करून त्यात घातली, हलकेच दाबली. ट्रे नखभर पुढे आला आणि अडला. आणखी जोर लावला असता तर आला असता. अर्धी सीडी घेऊन आला असता. मी पिन बाहेर काढली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"ड्राइव्ह बाहेर काढून उघडावा लागेल."

"लई वेळ लागंल?"

"बोलत बसलो तर लागेल."

त्या बिचाऱ्या मागे सरल्या. मी कामात असले की अशीच बोलते, नंतर वाईट वाटतं, पण नंतर.

चार स्क्रू असतात. तीन निघाले. चौथा आमच्या कोकणातल्या दमट हवेने गंजून पत्र्यात मुरला होता. स्क्रूड्रायव्हर घसरायला लागला. अशा वेळी घाई केली की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग काहीच करता येत नाही. तेवढ्यात फोन वाजला. मनीषा. "मावशी, आता चार पेशंट उरलेत फक्त." मी "बरं" म्हणून फोन ठेवला, स्क्रूवर खोबरेल तेलाचा थेंब सोडला, कपाळाचा घाम पदराने पुसला आणि पुन्हा दाबून फिरवलं. कट्ट असा आवाज होऊन तो हलला.

ड्राइव्ह जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवला आणि झाकण उचललं. इतक्या वर्षांत मी ड्राइव्हमधून पाली काढल्या आहेत, मुंग्यांची वारुळं काढली आहेत. असं काही पाहिलं नव्हतं. आत सगळीकडे हळद आणि कुंकू. कुंकवाने लाल झालेले तांदूळ, काही ताजे, काही जुने काळे पडलेले. झेंडूच्या पाकळ्या. साखर पावसाळ्यात वितळून पुन्हा घट्ट झालेली, तिचा चिकट थर. हे एका दसऱ्याचं काम नव्हतं. दर वर्षी कुणीतरी भक्तिभावाने बटण दाबून ट्रे उघडत होतं, त्यावर हळदकुंकू वाहत होतं, अक्षता टाकत होतं, साखर ठेवत होतं आणि ट्रे पुन्हा आत ढकलत होतं. त्या सगळ्यात सीडी तिरकी बसली होती. मधल्या चकतीखाली एक तांदूळ अडकला होता आणि चकतीने सीडी त्या तांदळावर दाबून धरली होती.

चिमट्याने एकेक दाणा काढून मी कागदावर ठेवत गेले. साखरेला चिकटलेली कडा कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवली. सीडी हातात आली तेव्हा मी ती दाराच्या उजेडात धरली. कडेला गोल चरे पडले होते, ते चालले असते. पण मधल्या भोकाशी केसाएवढी एक रेघ दिसत होती. तडा.

सीडी फिरताना तिच्यावर किती ताण येतो हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. तडा गेलेली सीडी वेगात फिरवली तर आतल्या आत फुटून तिचे तुकडे होतात. मी ती फिरवली आणि ती फुटली, तर भाऊंचं ऑपरेशन गेलं. नाही फिरवली, तरी गेलं. आणि फुटली तर ती माझ्या ड्राइव्हमध्ये, माझ्या हातून फुटलेली असणार होती.

"वहिनी, जुनं, मऊ सुती फडकं हवं. धुतलेलं."

त्या आत गेल्या. पडवीतून भाऊंचा आवाज आला, हळू.

"ताई. निघाली काय?"

"निघाली. तडकलीय."

"मग झालं तर. खराब झाली म्हणून सांगून टाका."

मला वाटलं, धीर देतायत. मी म्हणाले, "अजून खराब झालेली नाही, भाऊ. प्रयत्न करते."

"नको." त्यांनी माझ्या मागे, वहिनी गेल्या होत्या त्या दाराकडे बघितलं. "मी काय म्हणतो ते ऐका. भात उभं हाय. चार-आठ दिवसांत कापून घरात येईल. मंग बघू ते ऑपरेशनचं. तुम्ही फकस्त सांगा, फुटली. तुम्हाला कोण विचारणार हाय?"

मी त्या माणसाकडे बघत राहिले. भाताचं नुसतं नाव होतं. माणूस घाबरला होता, छातीवर सुरी चालणार म्हणून लहान मुलासारखा घाबरला होता, आणि ते सांगायची चोरी म्हणून भाताआड लपत होता. मग डोक्यात उजेड पडला. मशीन घरात पडून होतं, कुणी लावत नव्हतं. आजच सकाळी, जीप यायच्या आधी, यांना छातीत काय काढलंय ते बघावंसं वाटलं?

मला संताप आला. पण खरं सांगायचं तर संतापाच्या पाठोपाठ दुसरंही काहीतरी आलं. ते सांगत होते ते माझ्याही सोयीचं होतं. आधीच फुटलेली निघाली, एवढं म्हटलं की मी सुटले. कुणी मला बोल लावला नसता. तडा तर होताच. मी सीडी हातात धरून तशीच उभी राहिले. ती उजेडात धरलेली तडकलेली सीडी आणि तो भेदरलेला माणूस, दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

तेवढ्यात वहिनी फडकं घेऊन आल्या आणि कागदापाशी थांबल्या. लाल तांदूळ, पाकळ्या, साखरेचे खडे. त्यांनी खाली वाकून एक दाणा उचलला.

"हे आत होतं?"

मी मान हलवली.

"माझ्याच हातचं हाय हे." त्या खाली बसल्या. "मनी शिकायला बसायची तवापासून करते. ते तोंड उघडतं ना, म्हटलं त्याला बी साखर द्यावी. ह्याच्यानं अडकली? ताई, सांगा, माझ्या तांदळानं अडकली?"

"वहिनी, उठा आधी."

"म्हंजी मीच उठले ह्यांच्या जिवावर." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा, जोराने. "देवाला घातलं आणि ह्यांच्याच जिवावर आलं. मीच केलं गो, मीच केलं."

मी त्यांचा हात धरला, पण त्या काही आवरेनात. पडवीत भाऊ खाटेवरून पाय खाली सोडून बसले होते. त्यांना उठायची मनाई होती. ते उठले. भिंतीला धरून दारापर्यंत आले.

"गप. गप गो. तुझ्या तांदळानं नाय."

"मंग कशानं?"

"मी घातली." त्यांना धाप लागली होती. "मला ठावं होतं ते मशीन सीडी सोडीत नाय. गेल्या साली भजनाची अशीच खाल्लान, सुरीनं काढली तवा मोडून आली, आठवतंय? म्हणून घातली. जीप यायच्या आधी घातली. मला नाय जायचं तिकडं. मला भ्या वाटतं."

वहिनी रडायच्या थांबल्या. त्यांच्या मुठीत तो तांदूळ तसाच होता. मला वाटलं आता या माणसाला चार शब्द ऐकवतील, मी असते तर चाळीस ऐकवले असते. त्या उठल्या, भाऊंना दंडाला धरून हळूहळू खाटेवर नेऊन बसवलं, पाय वर उचलून ठेवले. मग खाटेच्या कडेला टेकल्या.

"मला नाय वाटत भ्या?" एवढंच म्हणाल्या.

भाऊंनी तोंड दुसरीकडे वळवलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लावा ताई ती तुमची सीडी. काय व्हायचं ते होऊ दे."

मी कामाला लागले. सीडी भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायची असते, गोल गोल पुसली तर चरे वाढतात. हळदीचा डाग गेला. तड्यावर वरच्या बाजूने पारदर्शक टेपचा नखाएवढा तुकडा लावला आणि समोरच्या बाजूला तेवढाच दुसरा, म्हणजे फिरताना तोल जाऊ नये. लॅपटॉपवर ड्राइव्हचा वेग अगदी कमी केला. सीडी बसवली, झाकण लावलं आणि त्यावर तळहात ठेवला. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण आतलं काही बिनसलं तर हाताला आधी कळतं.

ती फिरू लागली. हळू, सारखा आवाज. पडद्यावर फाइलींची नावं आली तेव्हा वहिनींनी न समजताच देव्हाऱ्याकडे हात जोडले. मी एकेक फाइल उतरवायला घेतली. पहिली आली. दुसरी आली. तिसरी अर्ध्यावर थांबली आणि हाताखालचा आवाज बदलला, दाढेत खडा आल्यासारखा. बंद करावं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, चालू ठेवावं तर फुटेल. मी चालू ठेवलं. ती थांबली, परत मागे गेली, पुन्हा वाचू लागली. आली. त्यानंतरच्या पटापट आल्या. शेवटची एक उरली होती तेव्हा आतून टक्क झालं, माझ्या तळहाताला झटका बसला आणि पडद्यावर सगळं थिजलं.

झाकण उघडलं. तडा भोकापासून कडेपर्यंत गेला होता. सीडी संपली होती. एक फाइल गेली, बाकीच्या माझ्याकडे होत्या.

घरात फोन लागत होता, पण नेट येत नव्हतं. "खालच्या खाचराच्या बांधावर येतंय," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या पुढे पळत निघाल्याच. मी लॅपटॉप उघडाच छातीशी धरून त्यांच्या मागून उतारावरून निघाले. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. बांधावर बसून फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं आणि फाइली पाठवायला लावल्या. तिकडून मनीषा, "मावशी, शेवटचा पेशंट आत गेलाय." इकडे पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकतेय. वहिनी उभ्याने त्या पट्टीकडे बघत होत्या. शेवटची फाइल पोचली तेव्हा मी मनीषाला सांगितलं, "गेल्या बघ सगळ्या. एक नाही मिळाली."

मग थांबणं. ते पाठवण्यापेक्षा वाईट होतं.

फोन आला तो मी आम्हा दोघींना ऐकू येईल असा धरला. मनीषा रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना. "बघितलं त्यांनी. आहे तेवढ्यावरून कळतंय म्हणाले. आजच रात्री ॲडमिट करा म्हणाले. आई, बाबांना चालवत आणू नकोस."

आम्ही वर येऊन सांगितलं तेव्हा भाऊंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आणि भात?"

"भात मी घरात आणीन," वहिनी म्हणाल्या. "एकाला हितं राहायलाच हवं, म्हशी कोण बघणार? तिकडं मनी हाय, माझा भाऊ हाय. तुम्ही नुसतं परत या."

"आणशील?"

"सांगितलं ना."

या अटीवर तो माणूस जीपमध्ये बसला. चौघांनी त्याला खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत नेलं.

घाईत मी त्यांचं मशीन उघडंच टाकून आले होते. ऑपरेशन झालं, भाऊ अजून शुद्धीवर यायचेत, एवढं मनीषाकडून कळलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते मशीन पुन्हा जोडून यावं म्हणून मी वाडीवर गेले. घराला कडी होती. वहिनी खालच्या खाचरात होत्या, गावातल्या तीन-चार बायका मदतीला. भात कापून झालं होतं, पेंढ्या बांधून शेतातच पडल्या होत्या आणि वर आभाळ काळंकुट्ट भरून आलं होतं. पडलेल्या भातावर पाऊस आला की दाणे शेतातच मोड धरतात. सगळ्यांचे हात पळत होते.

वहिनींचा फोन बांधावर ठेवलेला होता. तो वाजला तेव्हा सगळ्या थांबल्या. वहिनींनी हातातली पेंढी खाली टाकली आणि फोन कानाला लावला. मला मनीषाचा आवाज अर्धवट ऐकू येत होता.

"आई, बाबा बोलले. आत्ता बोलले. घशातली नळी काढल्यावर पहिलं हेच विचारलं, भात आलं काय घरात?"

वहिनींनी खाचरभर पसरलेल्या पेंढ्यांकडे बघितलं. डोंगरावर पाऊस सुरू झालेला दिसत होता.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "काल सांजच्यालाच आलं. सगळं आलं. नीट झोपा म्हणावं."

त्यांनी फोन चोळीत खोचला, पदर कमरेला बांधला आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, बघत काय उभ्या? उचला."

मी हयातीत भाताची पेंढी उचललेली नव्हती. पहिलीच डोक्यावर घेतली तेव्हा मानेत भाताचं कुसळ टोचलं आणि तोल गेला. मागून कुणीतरी सावरलं. समोर वहिनी दोन-दोन पेंढ्या घेऊन चढावर धावत होत्या, त्यांच्या पाठोपाठ मी धावले.